रिकाम्या लाइनचा पाहुणचार

आमच्या ऑफिसात मला सगळे 'नाहीबाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं. क्रोएशियातलं स्प्लिट शहर आणि समोरची बेटं, एवढ्या टापूतल्या दवाखान्यांना शहराशी जोडणाऱ्या नेटवर्कच्या ज्या लाइनी आहेत, त्यांतली कुठली वाढवायची आणि कुठली नाही, हे गेली चौदा वर्षं मी ठरवते. दहाजणांनी मागितलं तर नऊजणांना मी नाही म्हणते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

कारण लाइन भरली म्हणून लोक बोंब मारतात तेव्हा बहुतेकदा ती भरलेली नसतेच. एका गावी रोज सकाळी नऊला सगळं ठप्प व्हायचं. जाऊन पाहिलं, तर तिथला कॉम्प्युटर सगळ्या नोंदींची प्रत शहराकडे पाठवायचा, आणि तीही नेमकी नऊला, कारण ज्याने ते लावून दिलं तो गृहस्थ नऊला कामावर यायचा. मी ती वेळ पहाटे तीनवर नेली, संपलं दुखणं. दुसऱ्या एका गावी सगळी लाइन वॉटरपोलोच्या सामन्यांनी खाल्ली होती. दवाखान्यातल्या चार टेबलांवर चार सामने! मी सामने बंद केले. त्या गावात अजून मला कोणी कॉफी विचारत नाही.

तर माझा नियम सरळ आहे. दिवसभराची सरासरी बघायची नाही, कारण रात्री झोपलेल्या लाइनीची सरासरी कोणाचंच भलं करत नाही. गर्दीचे तास बघायचे. त्या तासांत लाइन सलग वीस दिवस सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, तर वाढवायची. नाही राहिली, तर नाही. या नियमावर माझा फार जीव होता.

मार्चमध्ये लोक्वा बेटावरच्या दवाखान्यातून पत्र आलं. तिथल्या मुख्य सिस्टर पेरिनाने लिहिलं होतं आणि लिहिताना तिचं पेन कागदातून आरपार गेलं असावं. 'तुमची लाइन म्हणजे मुंग्यांची रांग आहे. एक्स-रे पाठवायला बसावं, तर औषधाच्या चिठ्ठ्या अडतात. चिठ्ठ्या पाठवाव्यात, तर एक्स-रे अर्ध्यावर तुटतो. एक जूनपासून नवा नियम लागतोय. फोटो काढल्यापासून वीस मिनिटांत तो शहरातल्या डॉक्टरांसमोर पोचला नाही, तर आमची एक्स-रेची खोली बंद. मग ऐंशी वर्षांच्या माणसांनी खोकला आला की बोटीत बसायचं का? लुक्षाची बदली शहरात होणार. तेवीस वर्षं तो ही खोली चालवतोय. तुम्हाला काही वाटतं का?'

मला वाटत होतं. पण वाटण्यावर लाइनी वाढवल्या, तर उद्या वॉटरपोलोवालेही रडत येतील. ऑफिसात बसून दिसणारा ग्राफ फक्त चोवीस तासांची सरासरी सांगायचा, सोळा टक्के. त्याने काहीच ठरत नाही, म्हणून मी माझं मोजायचं मशीन पिशवीत घातलं आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळच्या बोटीने लोक्वाला गेले. जायच्या आधी रीतसर फोन केला होता. ती माझी पहिली चूक.

धक्क्यावर पेरिना उभी होती. पत्रावरून मी तिची जी मूर्ती मनात केली होती, तिच्या अगदी उलट. बुटकी, गोल, हसरी. मला तिने आमच्याकडे बाईसाहेबांना म्हणतात तसं 'श्योरा' म्हणून हाक मारली.

"श्योरा नेदा! या, या! बोट हलली का फार? तोंड उतरलंय तुमचं. आधी काहीतरी पोटात घाला."

"आधी लाइन बघू," मी म्हटलं.

"लाइन कुठे पळून जात नाही, बाई. तारेने बांधलेली आहे."

दवाखान्याची पायरी धुतलेली. बाहेरच्या बाकांवर चिटपाखरू नाही. लुक्षा एक्स-रेच्या खोलीच्या दारात स्वच्छ कोट घालून, केस ओले करून बसवून उभा. उंच, लाजाळू माणूस. त्याने मला सगळं दाखवलं. गेल्या सप्टेंबरात आलेलं नवं मशीन तर त्याने असं दाखवलं, की जणू घरात आलेली सून. चिलीत स्थायिक झालेल्या लोक्वाच्या लोकांनी ते पाठवलं होतं. फोटो इतके बारीक यायचे, की हाडावरची रेघसुद्धा दिसावी.

मी माझं मशीन लावलं. दहा वाजले आणि पेरिनाने टाळी वाजवली. मारेंदा! सकाळी दहाचं हे खाणं आमच्याकडे कोणी चुकवत नाही, पण एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या अंगणात टेबल मांडलेलं. खारवलेले मासे, केपरच्या आंबट कळ्या, शेळीचं चीज, गरम पाव, पाणी घातलेली वाइन. डॉक्टरीणबाई, औषधवाला, झाडूवाली, सगळे हजर.

"लाइन त्रास देते ना?" मी दोनदा विचारलं.

"छे हो," औषधवाला म्हणाला, "चांगली आहे बिचारी."

"घ्या हो, अजून एक मासा," पेरिना म्हणाली. "शहरात तुम्हाला असला कोण देणार?"

एक वाजता मी मशीनवर आकडा पाहिला. बारा टक्के. मला रागच आला. पत्रात आग ओकायची आणि समोर मासे वाढायचे! मी पेरिनाला सरळ म्हटलं, "सिस्टर, तुमची लाइन मोकळी आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही."

ती एकदम खूश झाली. "हो ना? आम्ही काळजीच घेतली!"

मी तेव्हाच विचारायला हवं होतं, कसली काळजी. पण बोटीची वेळ झाली होती, हातात लिंबांची पिशवी होती आणि डोक्यात राग होता. रागात मला प्रश्न सुचत नाहीत, फक्त उत्तरं सुचतात.

तरी एका सकाळच्या मोजणीवर कोणाची खोली बंद करण्याइतकी मी वाईट नाही. महिन्याच्या मध्यावर पुन्हा गेले. मशीन त्यांच्या तारांच्या कपाटात ठेवून दिलं आणि सांगितलं, "हे इथे आठवडाभर राहील. मी शहरातून बघेन. याला हात लावू नका."

"आठवडाभर?" लुक्षाने विचारलं. त्याचा आणि पेरिनाचा चेहरा जरा पडला.

"जमणार नाही का?"

"जमेल, जमेल," पेरिना म्हणाली. "पाहुणा आठवडाभर राहिला म्हणून कोणी मेलेलं नाही."

मी निघताना मागे वळून पाहिलं, तर तिने माझ्या मशीनवर विणलेला पांढरा रुमाल पसरला होता, धूळ बसू नये म्हणून. मी घाईने तो काढायला लावला. गरम होतं ना ते.

पाच दिवस मी ग्राफ पाहिला. सोमवारी चौदा टक्के. मंगळवारी अकरा. गर्दीच्या तासांत, सकाळी आठ ते अकरात, कधी वीसच्या वर गेलाच नाही. शुक्रवारी सकाळी मी नकाराचं पत्र लिहिलं. एकच पान. 'लाइनची क्षमता पुरेशी आहे. विलंबाचं कारण लाइन नाही.' दोन वाजता आमचे साहेब रांको सही करणार होते. लुक्षाचा तो ओल्या केसांचा भांग डोळ्यांसमोरून जाईना. पण आकडा तो आकडा.

साडेबाराला माझ्या दारात एक म्हातारा उभा. खलाशाची टोपी, खांद्यावर कापडी पिशवी, अंगाला समुद्राचा आणि डिझेलचा वास.

"श्योरा नेदा आपणच? मी श्पिरो. लोक्वाच्या बोटीवर दोर टाकतो."

"बसा, बार्बा श्पिरो." आमच्याकडे कुठल्याही वयस्क माणसाला बार्बाच म्हणतात. "काय काम काढलंत?"

"काम असं की," तो बसला नाही, "तुमचं ते मशीन आमच्याकडे अजून किती दिवस मुक्कामाला आहे?"

"का? कोणाची तक्रार आहे?"

"तक्रार कसली! पाहुणा आहे तो, राहू दे. पण सोमवारपासून आमची बोट रंगवायला वर काढणार, पंधरा दिवस. बदली बोटीवरची पोरं शहरातली, त्यांच्या भरवशावर मी हे सोडणार नाही." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "तेव्हा म्हटलं, तुमचं मशीन निघालं, तर लाइन मोकळी होईल आणि निदान हलके फोटो तरी पुन्हा तारेतून जातील."

मी पिशवी उघडली. आत सीड्या. प्रत्येकीच्या पाकिटावर तारीख आणि लुक्षाचं सुवाच्य अक्षर.

"हे काय आहे?"

"एक्स-रे. या आठवड्याचे. रोज संध्याकाळी लुक्षा आणून देतो, मी सकाळच्या खेपेला शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर पोचवतो. आजचे अजून द्यायचेत आणि कालपर्यंतच्या सीड्या परत न्यायच्यात, लुक्षा त्या पुसून पुन्हा भरतो ना."

"पण तारेतून का नाही पाठवत?"

म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला, की मला माझंच डोकं तपासून घ्यावंसं वाटलं. "अहो, तुमचं मशीन लाइन मोजतंय ना! मग त्याच्या वाटेत आपण कसं यायचं? रस्ता मोजायला माणूस आला, की गाढवं बाजूला बांधतातच की. मागे तुम्ही आलात तेव्हासुद्धा पेरिनाने पेशंट दुसऱ्या दिवशी बोलावले होते. कॉम्प्युटरसुद्धा बंद ठेवले. म्हणाली, बाईंना मोजायला अडचण नको."

मला हसू फुटलं की रडू, ते मलाच कळलं नाही. दोन्ही एकदमच आलं बहुतेक. बार्बा श्पिरो घाबरून पाणी शोधायला लागला.

"थांबा, थांबा," मी डोळे पुसत म्हटलं. "'हलके फोटो पुन्हा तारेतून' म्हणालात ना मघाशी? म्हणजे जड फोटो?"

"जड तर ऑक्टोबरपासूनच माझ्याकडे! नवं मशीन आलं त्याच्या पुढच्याच महिन्यापासून. लुक्षाने महिनाभर प्रयत्न केला बिचाऱ्याने. निम्मं जायचं आणि तुटायचं. बाकीचे ओरडायचे, की आमच्या चिठ्ठ्या अडल्या. शेवटी सोडून दिलं त्याने आणि माझ्याकडे आला."

चौदा वर्षं मी लाइनीवरून काय जातं ते मोजत आले. काय जात नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. लोक्वाची लाइन रिकामी होती, कारण लोकांनी तिचा नाद सोडला होता. वाईट रस्त्यावर गर्दी नसते, हे मला एका दोर टाकणाऱ्या म्हाताऱ्याने येऊन सांगावं लागलं.

मी एकेक सीडी कॉम्प्युटरला लावली. फोटो उघडले नाहीत, ते माझं काम नाही. फक्त वजन पाहिलं. बावीस सीड्या, पंचाहत्तर माणसं, बारा हजार मेगाबाइट. लोक्वाची लाइन दोन मेगाबिटची. पाटीवर शिकवतात तसा हिशेब केला. ही एवढी चित्रं त्या लाइनीतून काढायची, तर तिच्यावर दुसरं कोणीही नसताना तेरा तास लागतात. पेशंट येतात आठ ते अकरा, म्हणजे आठवड्याचे पंधरा तास. त्यातले पाच तास तरी चिठ्ठ्या आणि नोंदी खातात. पंधरा तासांच्या पोत्यात अठरा तासांचं धान्य! आणि मी म्हणत होते, पोतं रिकामं आहे.

मी लोक्वाला फोन लावला. लुक्षाने उचलला.

"लुक्षा, तुम्ही लोक वेडे आहात का?"

"श्योरा? काय झालं? मशीन बिघडलं का? कोणीही हात लावला नाही हो, देवाशपथ. मांजरसुद्धा कोंडून ठेवलं होतं."

"मशीन ठणठणीत आहे. तुम्ही फोटो बोटीने का पाठवले? आणि मला सांगितलं का नाही?"

तो हळूच म्हणाला, "तुम्ही पाहुण्या होतात. पहिल्याच भेटीत आपलं रडगाणं कसं गायचं? आणि सीड्या बोटीने पाठवणं नियमात बसत नाही म्हणतात. वाटलं, तुम्हाला कळलं तर खोली आजच बंद कराल."

मागून पेरिनाचा आवाज आला. "कोण आहे? नेदाबाई? जेवल्यात का विचार!"

"सिस्टरना द्या फोन," मी म्हटलं. "सिस्टर, नीट ऐका. सोमवारी मी येत नाहीये. माझं मशीन मात्र तिथेच राहणार. त्याच्याशी पाहुण्यासारखं वागायचं नाही. शत्रूसारखं वागायचं. सगळे पेशंट बोलवा. सगळे फोटो तारेतून पाठवा, जड, हलके, सगळे. चिठ्ठ्या पाठवा. एकाही माणसाने कोणासाठी थांबायचं नाही."

"अगंबाई! आणि तुमचं मशीन चेंगरलं तर?"

"चेंगरू दे. त्यासाठीच ठेवलंय."

"बघा हं," पेरिना म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला पहिल्यांदा त्या पत्रातली बाई ऐकू आली. "मग बोलायचं नाही, लोक्वाची माणसं उद्धट आहेत म्हणून."

पुढची पाच मिनिटं मी नकाराचं पत्र बारीक फाडत होते. दोन वाजता रांको सहीचं पेन काढून आले.

"लोक्वाचा नकार कुठे आहे?"

"सोमवारी देते."

"तू? तू कधी सोमवारवर ढकलतेस?"

"आजपासून," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी ऑफिसात होते. कॉफीसुद्धा प्यायले नाही. पावणेआठला ग्राफ तळाशी लोळत होता. आठला हलला. आठ वाजून दहा मिनिटांनी चाळीस. आठ विसाला तो वर छताला टेकला आणि तिथेच चिकटून बसला. शंभर टक्के. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारतो, "कोण जिंकलं?"

साडेनऊला फोन. पेरिना. तिच्यामागे सगळा दवाखाना गरजत होता.

"झालं का समाधान? तीन फोटो अडकलेत, एकही चिठ्ठी निघत नाही, औषधवाला माझ्या अंगावर येतोय आणि बार्बा विद्को विचारतोय, की तो मेल्यावर त्याचा एक्स-रे पोचणार का! ही लाइन आहे की थट्टा? ऑक्टोबरपासून आम्ही—"

"अजून ओरडा, सिस्टर," मी म्हटलं. "फार छान ओरडताय."

बदली बोट असो नसो, आठवडाभर ग्राफ रोज आठ विसाला छताला टेकायचा आणि साडेअकराला कसाबसा खाली यायचा. वीस दिवसांची वाट मी पाहिली नाही. एक जूनच्या आत नवी लाइन टाकायची, तर तेवढे दिवस नव्हतेच. नियम माझाच होता, मीच मोडला आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. रांकोंनी आकडा वाचला आणि चष्मा काढला.

"दोनाचे चार कर की. थेट वीस मेगाबिट? नाहीबाई वीस देते?"

म्हणजे त्यांनाही ते नाव माहीत होतं तर. "आज जे अडलंय ते चारात मावेल," मी म्हटलं. "पण रस्ता बरा झाला, की जे घरी बसलेत तेही बाहेर पडतील. तीन महिन्यांनी मला पुन्हा तिथे जाऊन मासे खायचे नाहीत." हे मात्र मी खोटं बोलले. मासे मला खायचे होते.

नवी लाइन मेच्या सत्तावीस तारखेला सुरू झाली. यावेळी मी फोन न करता गेले आणि दवाखान्याच्या मागच्या दाराने आत शिरले. बाहेरचे बाक भरले होते. कोणाचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही, आणि त्याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

लुक्षा आत एकटाच पेशंटसोबत होता. ब्याऐंशी वर्षांचे बार्बा विद्को, उघड्या छातीने, हात कमरेवर.

"श्वास घ्या. धरा. सोडा. झालं, बार्बा. कपडे घाला."

लुक्षाने कळ दाबली. पडद्यावरची निळी पट्टी सरकायला लागली. तेवीस वर्षांचा अनुभव असलेला तो माणूस दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, उगाच कशाला धक्का लागू नये म्हणून. पट्टी पुढे गेली. तुटली नाही. मिनिटभरात खाली हिरवं अक्षर उमटलं. पोचलं.

"गेलं?" मी दारातून विचारलं.

त्याने मला पाहिलं, पण उठला नाही, या-बसा म्हणाला नाही, फक्त मान हलवली. डोळे भरले होते त्याचे. माझेही भरले. मी काही लपवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शहरातल्या डॉक्टरीणबाई. लुक्षाने आवाज मोठा केला.

"विद्को, वय ब्याऐंशी. छाती स्वच्छ आहे. साधी सर्दी. पुढचा पाठवा, लुक्षा."

बार्बा विद्कोंचं अजून तिसरं बटण लागायचं होतं. ते तसेच उभे राहिले.

"एवढ्यात? बघितलंसुद्धा?"

"बघितलं, बार्बा. तुम्ही ठीक आहात."

"अरे, पण मी बायकोला सांगून आलोय, की कदाचित शहरात जावं लागेल, जेवायला वाट बघू नको!" ते चिडून बटणं लावू लागले. "आता बारा वाजेपर्यंत मी काय करू?"

"घरी जा आणि जेवा," लुक्षा म्हणाला, आणि मग तो हसला. लाजाळू माणूस हसतो तसं नाही, पोट धरून, भिंतीला टेकून. हसत हसतच त्याने त्याच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि बाहेर ओरडला, "पुढचं कोण?"

बाकावरच्या तीन बायका एकदम उठल्या आणि नंबर कोणाचा यावरून जोरात भांडायला लागल्या.